चार प्रश्न : ओपनएसएसएल आणि प्रकाशनापूर्वीच्या चाचण्यांचा इतिहास

१/
१३ मे २००८. डेबियन या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या सुरक्षा पथकाने जगभरातील वापरकर्त्यांसाठी एक सूचना प्रसिद्ध केली. तिचा आशय असा : सप्टेंबर २००६ पासून या प्रणालीवर ओपनएसएसएलच्या साहाय्याने तयार झालेल्या सर्व गुप्त किल्ल्या निकामी समजाव्यात आणि त्या नव्याने तयार कराव्यात. कोणी कुलूप फोडले होते, असे नव्हे. या वीस महिन्यांत जगाला वाटलेल्या किल्ल्याच मुळात मोजक्या होत्या आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

२/
ही घटना समजून घेण्यासाठी आधी ओपनएसएसएल म्हणजे काय, ते पाहू. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या कुलपामागचे गणित प्रत्येक प्रोग्रामर स्वतः लिहीत नाही. तयार लायब्ररी घेऊन ती आपल्या प्रोग्रामला जोडतो. अशा लायब्ररींपैकी ओपनएसएसएल ही सर्वाधिक वापरली गेलेली. १९९५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी ‘एसएसएलईएवाय’ ही लायब्ररी लिहिली. तिच्याच पायावर डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएलची पहिली आवृत्ती उभी राहिली.

३/
तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेचे निर्यात कायदे प्रबळ कूटलेखनाला शस्त्रास्त्रांच्या पंक्तीत बसवत. हे निर्बंध जानेवारी २००० मध्ये मोठ्या प्रमाणावर सैल झाले. अमेरिकेबाहेर लिहिलेली, कोणालाही फुकट मिळणारी आणि जिचा मूळ कोड कोणीही वाचू शकेल, अशी लायब्ररी त्यामुळे अनेकांना हवीच होती. पाहता पाहता ती असंख्य सर्व्हरांच्या मुळाशी जाऊन बसली. मात्र तिची प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी ती कोणी, कशी आणि किती तपासायची, हा प्रश्न मागेच राहिला.

४/
कूटलेखनाची चाचणी इतर सॉफ्टवेअरच्या चाचणीपेक्षा अवघड असते, ती एका विशेष कारणाने. बेरीज चुकली तर उत्तर चुकलेले दिसते. चित्र बिघडले तर डोळ्यांना कळते. कूटलेखनातून निघणारा मजकूर मात्र उत्तम असो वा सदोष, तितकाच अगम्य दिसतो. कच्चे कुलूपही लागते आणि आपल्या किल्लीने उघडते. ते परक्या किल्लीनेही उघडते, हे चोर येईपर्यंत समजत नाही. या क्षेत्रातील घातक दोष मूक असतात.

५/
यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे ‘ज्ञात उत्तरां’ची चाचणी. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एईएस ही कूटलेखन पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. त्या दस्तऐवजातच नमुन्याची किल्ली, नमुन्याचा मजकूर आणि त्यातून निघायला हवे ते उत्तर छापलेले आहे. एका बिटाचाही फरक पडला, तर आपला प्रोग्राम चुकला. ही चाचणी निर्दय आणि उपयुक्त आहे. पण ती केवळ गणित तपासते. किल्ली कोठून आली, समोरचा कोण आहे आणि यंत्र कोणते आहे, हे ती विचारीत नाही. पुढचे सारे अपघात याच न विचारलेल्या प्रश्नांतून घडले.

६/
पहिला प्रश्न : किल्ल्या खरोखर वेगवेगळ्या आहेत का?
गुप्त किल्ली तयार करण्यासाठी कोणालाही वर्तवता न येणाऱ्या संख्या लागतात. त्यासाठी ओपनएसएसएल संगणकातील नाना ठिकाणांहून यादृच्छिक माहिती गोळा करून ती एका साठ्यात घुसळत असे. २००६ मध्ये ‘व्हॅलग्राइंड’ या तपासणी साधनाने या भागाबद्दल इशारे दिले : येथे प्रारंभिक मूल्य न दिलेली मेमरी वाचली जात आहे. इशारा चुकीचा नव्हता. फक्त तेथे तसे घडणे निरुपद्रवी होते.

७/
डेबियनसाठी हे पॅकेज सांभाळणाऱ्याने इशाऱ्यांच्या मुळाशी असलेल्या दोन सारख्याच दिसणाऱ्या ओळी शोधल्या. त्या काढल्या तर चालेल का, असे त्याने ओपनएसएसएलच्या विकासकांच्या चर्चागटात विचारले. दोषशोधनास मदत होणार असेल तर काढण्यास हरकत दिसत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. दोन्ही ओळी गेल्या. त्यांतील एक गेल्याने काही बिघडले नसते. दुसरी मात्र साऱ्या यादृच्छिक माहितीला साठ्यात नेणारी एकमेव वाट होती.

८/
परिणामी साठ्यात बदलणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे चालू प्रक्रियेचा क्रमांक. लिनक्सवर हा क्रमांक त्या काळी सहसा ३२,७६७ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका जातीच्या संगणकावर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त तेवढ्याच. जेथे विश्वातील कणांच्या संख्येलाही मागे टाकतील इतक्या शक्यता हव्या होत्या, तेथे एका लहानशा गावाच्या लोकसंख्येइतक्या किल्ल्या उरल्या. सूचना प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच संशोधकांनी त्या सर्व तयार करून जाहीर केल्या.

९/
दोष सापडला तो डेबियनचा विकासक लुसियानो बेलो याला. त्याआधी वीस महिने कोणतीच चाचणी अडली नव्हती. लायब्ररी बिनतक्रार बांधली जात होती, किल्ल्या तयार होत होत्या, मजकूर कुलूपबंद होऊन पुन्हा उघडत होता. डेबियनच्या पायावर उभ्या असलेल्या उबुंटूमध्येही हा दोष पोहोचला होता. काही लाख किल्ल्या तयार करून त्यांत पुनरावृत्ती होते का, एवढे पाहणारी साधी चाचणी असती, तर तो उघडा पडला असता. पण तो प्रश्न चाचणीच्या यादीत नव्हता.

१०/
दुसरा प्रश्न : समोरचा खोटे बोलला तर?
३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ओपनएसएसएलच्या कोडमध्ये ‘हार्टबीट’ नावाची नवी सोय दाखल झाली. जोडणी जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी एका बाजूने लहानसा संदेश पाठवायचा आणि दुसऱ्या बाजूने तोच जसाच्या तसा परत करायचा, एवढेच तिचे काम. संदेशासोबत त्याची लांबीही कळवायची असे. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीतून ही सोय जगभर पोहोचली.

११/
यातील चूक चार ओळींत समजते. पाठवणाऱ्याने संदेश एका अक्षराचा पाठवला आणि त्याची लांबी ६४ किलोबाइट असल्याचे सांगितले, तर सर्व्हर त्यावर विश्वास ठेवीत असे. मग ते एक अक्षर आणि मेमरीत त्याच्या शेजारी जे काही पडले असेल ते, असे मिळून ६४ किलोबाइट तो परत करी. त्यात पासवर्ड असू शकत, इतरांची पत्रे असू शकत आणि सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्लीही असू शके. सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत याची खूणही राहत नसे.

१२/
७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला आणि तो ‘हार्टब्लीड’ या नावाने इतिहासात गेला. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन ही कंपनी यांना तो स्वतंत्रपणे सापडला होता. नेटक्राफ्टच्या पाहणीनुसार त्या वेळी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित सर्व्हरांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे जवळपास पाच लाख, असुरक्षित होते. कॅनडाच्या करखात्याला सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेल्याचे जाहीर करावे लागले.

१३/
येथेही चाचण्या होत्याच. पण त्या शहाण्या, नियम पाळणाऱ्या पाहुण्याच्या चाचण्या होत्या. योग्य लांबीचा संदेश पाठवला की योग्य उत्तर येते, हे पाहून झाले होते. लबाड पाहुणा दाराशी आला तर काय, हे कोणी पाहिले नव्हते. भरीस भर म्हणजे वेगासाठी ओपनएसएसएलने मेमरी हाताळण्याची स्वतःची व्यवस्था ठेवली होती. अशा चुका पकडण्यासाठी संगणकप्रणालीत जे पहारे असतात, ते या व्यवस्थेमुळे पुष्कळसे निष्प्रभ ठरत.

१४/
मग लोकांनी विचारले, इतक्या मोठ्या डोलाऱ्याची तपासणी करते कोण? उत्तर लाजिरवाणे होते. ओपनएसएसएलला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या आणि या कामाला पूर्णवेळ वाहून घेतलेली व्यक्ती एकच होती. ज्या लायब्ररीवर बलाढ्य कंपन्यांचे व्यवहार चालत होते, तिची ही स्थिती. एप्रिल २०१४ मध्येच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभारण्यास सुरुवात केली.

१५/
पैशाबरोबर पद्धतीही बदलल्या. प्रोग्रामला लाखो वेडेवाकडे, तुटके, खोटे संदेश आपोआप देत राहायचे आणि तो कोठे कोसळतो ते पाहायचे, या पद्धतीला ‘फझिंग’ म्हणतात. पुढे हॅनो बोक या पत्रकाराने जुन्या, सदोष आवृत्तीवर फझिंग आणि मेमरीवर पहारा ठेवणारे साधन एकत्र वापरून पाहिले. हार्टब्लीड अवघ्या काही तासांत सापडला. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने ओएसएस-फझ ही सेवा मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी खुली केली, तेव्हा तिच्यामागील प्रेरणा म्हणून हार्टब्लीडचाच उल्लेख होता.

१६/
त्याच महिन्यात गूगलच्या सुरक्षा अभियंत्यांनी ‘वायचप्रूफ’ हा चाचणीसंच प्रसिद्ध केला. पूर्वी कोणत्या कूटलेखनावर कोणते हल्ले यशस्वी झाले, याचा अनुभव ८० हून अधिक चाचण्यांत बांधून ठेवलेला. त्यातून ४० हून अधिक सुरक्षादोष उघडकीस आले. नाव घेतले ते ऑस्ट्रेलियातील एका टेकडीचे. जगातील सर्वांत लहान पर्वत अशी तिची ख्याती आहे. उद्दिष्ट गाठता येण्याजोगे असावे, असा त्यामागील विचार. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे प्रोग्रामच्या रूपात उतरली.

१७/
तिसरा प्रश्न : जुने प्रोग्राम चालत राहतील का?
हार्टब्लीडनंतर ओपनएसएसएलच्या दोन शाखा फुटल्या. ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिब्रेएसएसएल काढले, तर गूगलने बोरिंगएसएसएल. ऑगस्ट २०१६ मध्ये ओपनएसएसएलच्या १.१.० आवृत्तीनेही आपल्या अंतर्गत रचना बाहेरच्यांसाठी बंद केल्या. निर्णय सुरक्षेच्या हिताचा होता, परंतु त्या रचनांना थेट हात घालणारे कित्येक प्रोग्राम नव्या आवृत्तीशी जुळेनात. जून २०१७ मध्ये डेबियन ९ बाहेर आले, तेव्हा त्यात जुनी १.०.२ आणि नवी १.१ अशा दोन्ही लायब्ररी शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या.

१८/
या कोंडीचा सर्वांत बोलका नमुना १७ मार्च २०२० चा. त्या दिवशी १.१.१ई ही लहानशी दुरुस्ती-आवृत्ती आली. समोरच्याने निरोपाचा नियमबद्ध संदेश न देताच जोडणी तोडली, तर आता ती स्पष्ट चूक म्हणून कळवली जाणार होती. तत्त्वतः हे योग्यच. कारण निरोप न घेता तुटलेली जोडणी म्हणजे कोणीतरी मजकूर अर्ध्यावर कापला, अशी शक्यता असते. पण असे वागणारे सर्व्हर असंख्य होते आणि जुन्या वागणुकीवर विसंबलेले प्रोग्रामही. ते अडू लागले.

१९/
अवघ्या चौदा दिवसांत, ३१ मार्चला, १.१.१एफ आली आणि तो बदल मागे घेण्यात आला. बदल चुकीचा नव्हता, त्याची जागा चुकली होती. दुरुस्ती-आवृत्ती लोक डोळे मिटून घेतात आणि तेथे वागणूक बदलणे त्यांच्या विश्वासाला धरून नसते. पुढे ३.० या मोठ्या आवृत्तीत तोच बदल परत आला. सोबत, ज्यांना जुनी वागणूक हवी त्यांच्यासाठी एक पर्यायही ठेवला गेला.

२०/
लायब्ररी वापरणाऱ्यांनीही आपली शिस्त घडवली. पायथन या भाषेच्या मूळ कोडमध्ये एक छोटे साधन आहे. ओपनएसएसएल आणि लिब्रेएसएसएल यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकामागून एक बांधायच्या आणि प्रत्येकीशी पायथन जोडून सुरक्षेच्या चाचण्या चालवायच्या, हे त्याचे काम. तरीही हा भार असह्य झाला, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मधील पायथन ३.१० ने ओपनएसएसएल १.१.१ पेक्षा जुन्या आवृत्त्यांचा आणि लिब्रेएसएसएलचा आधार सोडून दिला. उलट बाजूने ओपनएसएसएलनेही पायथनची कूटलेखन लायब्ररी, कर्बेरोस अशा परक्या प्रकल्पांच्या चाचण्या आपल्या संचात चालवण्याची सोय केली.

२१/
७ सप्टेंबर २०२१ रोजी ओपनएसएसएल ३.० आली, ती १७ अल्फा आणि २ बीटा आवृत्त्यांच्या तपासणीनंतर. ३५० हून अधिक जणांचा तिला हातभार लागला होता. कालबाह्य पद्धती आता वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या होत्या. तो कप्पा मुद्दाम उघडल्याशिवाय त्या मिळत नसत. पुढच्या महिन्यात नोड.जेएस १७ ही आवृत्ती ३.० सह आली आणि हजारो वेब विकासकांचे काम एका अनोळखी त्रुटीसंदेशापाशी थांबले. वेबपॅक हे साधन फाइलींची ओळख ठरवण्यासाठी १९९० मधील एमडी४ ही पद्धत वापरीत होते. तिचा सुरक्षेशी संबंधही नव्हता.

२२/
पुष्कळांनी तेव्हा जुना कप्पा उघडणारा पर्याय सुरू करून वेळ मारून नेली. यातच सुसंगततेच्या चाचणीचे खरे महत्त्व आहे. नवे कुलूप दारालाच बसत नसेल, तर माणसे दार उघडे ठेवून झोपतात. अडचणीच्या आवृत्तीकडे पाठ फिरवून ती वर्षानुवर्षे जुन्या, दुरुस्त न झालेल्या आवृत्तीवर राहतात. म्हणून ‘चालते का’ ही चौकशी सुरक्षेच्या बाहेरची मानता येत नाही.

२३/
चौथा प्रश्न : कोणत्या यंत्रावर?
२१ जून २०२२ रोजी ३.०.४ ही आवृत्ती आली. काही नव्या प्रोसेसरांवर, एव्हीएक्स-५१२ गटातील विशेष आज्ञांच्या मदतीने, आरएसए किल्लीचे गणित वेगाने करणाऱ्या भागात तिच्यात एक दोष शिरला होता. अशा यंत्रावर २०४८ बिटांच्या खासगी किल्लीचे गणित चुके आणि त्या ओघात मेमरीचीही नासाडी होई. इतर यंत्रांवर हा दोष दिसत नसे. ५ जुलैला ३.०.५ काढून दुरुस्ती करावी लागली.

२४/
त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या सूचनेतील एक नोंद अभ्यासकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. दोषग्रस्त यंत्रावर ओपनएसएसएलची रीतसर चाचणी घेतली, तर ती नापास होईल आणि दोष वापरापूर्वीच लक्षात येईल, असा तिचा आशय. म्हणजे २००८ आणि २०१४ मध्ये नसलेली गोष्ट आता होती. योग्य प्रश्न विचारणारी चाचणी लिहून तयार होती. ती त्या जातीच्या यंत्रावर प्रकाशनापूर्वी चालली नव्हती, इतकेच.

२५/
मुक्तस्रोत प्रकल्पाकडे जगातील प्रत्येक यंत्र कधीच असणार नाही. अल्फा आणि बीटा आवृत्त्या आधी जाहीर करण्यामागे हाच हेतू असतो. जुना लॅपटॉप, दुर्मीळ प्रोसेसर किंवा कोणी न वापरणारी भाषा हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने ती आवृत्ती उतरवून घ्यावी, चाचणीसंच चालवावा आणि जे अडले ते कळवावे. त्यासाठी कूटलेखनाचे गणित यावेच लागते, असे नाही. ओपनएसएसएलच्या इतिहासातील हे चारही प्रश्न समजायला सोपे होते. ते प्रकाशनापूर्वी विचारणारी माणसेच कमी होती.